उडत्या खाटेवरचा श्वास

आपल्या भाषेत माणूस मेल्याचे सांगण्याचे अनेक प्रकार आहेत. त्यांत ‘प्राण गेला’ हा आम्हांला सर्वांत अचूक वाटतो. हृदय, नाडी, मेंदू यांपैकी कशाचेही नाव न घेता आपल्या पूर्वजांनी मरणाची खूण श्वासावर ठेवली. पुढे शास्त्रीय परिभाषा घडविणाऱ्यांनी ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ हे नाव दिले आणि त्या जुन्या खुणेवर जणू मोहोर उठविली. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो या दोन शब्दांच्या आसपासचाच आहे. हेलिकॉप्टरने जखमी किंवा आजारी माणसाची सुटका होऊ लागली, तेव्हा वाटेत त्याचा श्वास कोणी आणि कसा सांभाळला, हा तो विषय. डॉक्टरांनी डॉक्टरांपुढे मांडावा असा हा विषय, वसंतातल्या सार्वजनिक व्याख्यानात त्याचे काय काम, अशी शंका आमच्या एका स्नेह्यांनी बोलून दाखविली. तिचे उत्तर व्याख्यानातूनच मिळेल अशी आमची उमेद आहे. पुष्पक विमान आणि द्रोणागिरी यांच्यापासून प्रारंभ करण्याचा मोह मात्र आम्ही आवरला आहे, एवढे आधीच सांगून टाकतो.

हेलिकॉप्टरच्या कामगिरीची जी वर्णने आपण वाचतो, ती बहुतेक वेगाची असतात. बैलगाडीला दोन दिवस, मोटारीला सहा तास, हेलिकॉप्टरला वीस मिनिटे, अशा हिशेबाने वाचकाचे डोळे दिपतात. परंतु ज्याचा श्वास थांबला आहे, त्याला वीस मिनिटांची मुदत नसते. प्राणवायू मिळाला नाही तर चारपाच मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. म्हणजे हेलिकॉप्टर कितीही वेगवान झाले तरी अशा रुग्णाच्या बाबतीत ते उशिराच पोहोचणार. तो वाचला तर यंत्राच्या वेगाने वाचणार नाही. वाटेत कोणीतरी त्याच्यासाठी श्वास घेत राहिले तर वाचेल. आमचे म्हणणे असे, की हेलिकॉप्टर-सुटकेचा इतिहास मिनिटांत मोजण्याऐवजी रुग्णाशेजारी बसलेल्या माणसांत मोजून पाहावा. तसा तो मोजला की काही प्रसिद्ध घटना मागे सरतात आणि काही उपेक्षित घटना पुढे येतात.

प्रारंभ १९४४ सालाचा आहे. त्या वर्षी ३ जानेवारीस न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी ‘टर्नर’ ही अमेरिकन विनाशिका स्फोट होऊन बुडाली. जखमी खलाशांसाठी रक्तद्रव हवा होता आणि हवा तर इतकी बिघडलेली, की साधी विमाने उडेनात. तटरक्षक दलाचे फ्रँक एरिक्सन यांनी सिकोर्स्कीच्या हेलिकॉप्टरला रक्तद्रवाच्या पेट्या बांधल्या आणि ते मॅनहॅटनहून सँडी हूकला जाऊन पोहोचले. औषध गेले, माणूस अजून हेलिकॉप्टरात चढायचा होता. तो चढला त्याच वर्षी एप्रिलमध्ये, आणि तेही आपल्या सरहद्दीवर. ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीस एक छोटे विमान कोसळले. त्यात एक अमेरिकन वैमानिक आणि तीन ब्रिटिश सैनिक होते. आसामातील लालाघाटच्या तळावरून निघालेले लेफ्टनंट कार्टर हारमन यांनी २५ व २६ एप्रिल या दोन दिवसांत त्या चौघांना भातखाचराजवळून उचलून नदीच्या वाळवंटावर आणून सोडले. यंत्राची शक्ती एवढी बेताची, की एका खेपेस एकच माणूस. दोन खेपा झाल्या आणि तापलेल्या इंजिनाने पुढे जाण्यास नकार दिला, म्हणून उरलेल्या दोघांना रात्र जंगलात काढावी लागली. हे हारमन युद्धानंतर संगीत-समीक्षक झाले. हेलिकॉप्टरच्या आवाजाने त्यांचे कान शाबूत कसे राहिले, हा आम्हांला पडलेला प्रश्न आहे.

या पहिल्या सुटकेत रुग्णाशेजारी कोण होते? वैमानिक होता. पण त्या काळचे हेलिकॉप्टर चालवणाऱ्याचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात असत. उजव्या हातात एक दांडा, डाव्या हातात दुसरा, पायांखाली पायट्या. एक हात सोडून नाक पुसावे म्हटले तरी यंत्र डोलू लागे. रुग्ण वाटेत घुसमटला असता तर वैमानिकाला ते पाहण्यापलीकडे काही करता आले नसते.

कोरियाच्या युद्धात (१९५०–१९५३) हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पुढे आली. बेल कंपनीच्या एच-१३ या हेलिकॉप्टरचे चित्र पुष्कळांच्या परिचयाचे आहे: पुढे काचेचा गोल घुमट, मागे उघडी जाळीची शेपटी आणि खाली घसरगाडीसारख्या दोन पट्ट्या. त्या पट्ट्यांवर दोन बाजूंना दोन स्ट्रेचर बांधलेले असत. म्हणजे जखमी मनुष्य विमानात नसेच. तो विमानाच्या बाहेर, झाकण घातलेल्या पेटीत, वाऱ्याच्या झोतात निजलेला असे. कोरियाच्या थंडीत तो गारठू नये म्हणून इंजिनाची ऊब नळीने त्याच्यापर्यंत नेण्याची युक्ती काढली गेली. दुसरी युक्ती त्याहून नामी होती. रक्ताची किंवा रक्तद्रवाची बाटली वैमानिकाच्या हाताशी, घुमटाच्या आत टांगलेली. तिची नळी बाहेरच्या जखमीच्या शिरेत. आणि थेंब मंदावले तर वैमानिकाने दाबायचा एक रबरी फुगा. वाटेत रक्त देण्याची सोय अशी झाली. वाटेत श्वास देण्याची सोय मात्र कोणालाच करता आली नाही, कारण त्यासाठी रुग्णाच्या तोंडाशी हात पोहोचावे लागतात आणि हात काचेच्या आत होते.

रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या अमेरिकन जखमींतील मृत्यूचे प्रमाण दुसऱ्या महायुद्धात शेकडा साडेचार होते, ते कोरियात शेकडा अडीचवर उतरले. या आकड्याचे श्रेय नेहमी हेलिकॉप्टरला दिले जाते. त्यात तथ्य आहे. पण आघाडीजवळची फिरती शस्त्रक्रियागृहे, रक्ताचा मुबलक पुरवठा आणि प्रतिजैविके यांचाही त्यात वाटा होता. शिवाय ‘रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या’ हे शब्द विसरू नयेत. जो झाकणाखाली पाठीवर निजला, ज्याची जीभ घशात मागे पडली, तो पोहोचलेल्यांच्या यादीत येतच नाही.

आपल्या देशाची माणसे या इतिहासाच्या अगदी जवळ उभी होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचे ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक १९५० च्या अखेरीस कोरियात दाखल झाले. माघारीच्या धांदलीत त्यांनी प्याँगयांग येथे आपले सामान टाकून न देता आगगाडीत भरले आणि इंजिन स्वतःच पेटवून ती गाडी हाकली, ही हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. २३ मार्च १९५१ रोजी मुनसान येथे अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर रंगराज आणि त्यांचे काही साथीदार स्वतःही छत्र्यांनी उतरले. तेथील जखमींना मागे नेण्यासाठी हेलिकॉप्टरे आली. भारतीय डॉक्टरांनी जमिनीवर जखमीला सावरायचे, आणि मग त्याला अशा वाहनात द्यायचे, की ज्यात पुढे त्याच्याकडे पाहणारे फारसे कोणी नाही. जमिनीवरचा उपचार आणि आकाशातला प्रवास यांच्यामधला हा सांधा त्या काळी सगळीकडेच उघडा होता.

आता आम्ही श्रोत्यांना कोरियातून डेन्मार्कात नेणार आहोत. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडम रुग्णालयात ऐन भरात दिवसाला पन्नासच्या आसपास रुग्ण येत. पुष्कळांचे श्वासाचे स्नायू लुळे पडलेले किंवा त्यांना गिळता येत नसे. साधने म्हणाल तर अख्ख्या शरीराला कोंडून घेणारे एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा चिलखतवजा यंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांवर उपचार झाले; त्यांतले २७ गेले. मुख्य वैद्य लासेन यांनी नाइलाजाने भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांना बोलावले. रुग्णांच्या रक्तात एक क्षारधर्मी घटक वाढलेला दिसे आणि त्याचे कारण कोणाला कळेना. इब्सेन यांनी सांगितले, की ही माणसे कर्बवायू बाहेर टाकू शकत नाहीत म्हणून असे होते. प्राणवायू मिळत असेल. पण श्वास होत नाही.

२७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून त्यांनी श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रश्न आला हातांचा. सत्तरच्या आसपास रुग्ण एकाच वेळी असे श्वासाला मोताद झालेले, आणि पिशवी तर रात्रंदिवस दाबायला हवी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना बोलावणे गेले. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने खाटांशेजारी बसले आणि काही महिने त्यांनी पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या वरून हळूहळू पाव हिश्शाच्या जवळपास आले. एका गोष्टीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. ब्लेगडममध्ये नवीन यंत्र आले नव्हते. पिशवी जुनीच होती. भूल देणाऱ्यांच्या मेजावर ती रोज असे. नवीन होती ती रुग्णाशेजारची खुर्ची आणि तिच्यावर बसलेला मनुष्य.

याच वर्षी, २७ एप्रिल १९५२ रोजी, स्वित्झर्लंडमध्ये ट्वान या गावी हवाई सुटका करणारी संस्था स्थापन झाली आणि डिसेंबरात तिने दाव्होस येथे हेलिकॉप्टरने पहिली सुटका केली. म्हणजे एकाच वर्षात कोरियात जखमी काचेबाहेर उडत आहे, आल्प्समध्ये हेलिकॉप्टर नागरी सुटकेस लागत आहे आणि कोपनहेगनमध्ये विद्यार्थी श्वास देत आहेत. या धाग्यांची गाठ पडायला पुढे जवळजवळ वीस वर्षे गेली.

गाठ पडायला उशीर झाला त्याचे एक कारण साधे होते. कोपनहेगनची पिशवी फुगायला सिलिंडरमधून वायूचा सतत प्रवाह लागे. सिलिंडर जड, आणि हेलिकॉप्टरात तर शेराशेराचा हिशेब. हे कोडे डेन्मार्कातच सुटले. भूलतज्ज्ञ हेनिंग रुबेन आणि अभियंता होल्गर हेसे यांनी १९५६ मध्ये आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली. दाबली की हवा रुग्णाच्या छातीत जाते, सोडली की ती स्वतःच पुन्हा फुगते. प्राणवायू असेल तर जोडा, नसेल तर भोवतालची हवाही चालेल. ‘अँबू’ हे तिचे नाव आपल्या रुग्णालयांत इतके रुळले आहे, की ते मूळचे कुठले हे कोणी विचारीतही नाही. आपल्याकडे ‘फुगा दाबणे’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना या पिशवीची ओळख करून देण्याची गरज नाही. यंत्र मोकळे नाही म्हणून बापाच्या किंवा लेकराच्या उशाशी बसून नातेवाइकांनी रात्रीच्या रात्री तो फुगा दाबला आहे, हे महाराष्ट्रातल्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत फेरी मारणाऱ्याला ठाऊक असते. कोपनहेगनचे विद्यार्थी सहा महिन्यांत घरी गेले. आमच्याकडे ती पाळी पुष्कळ लांबली.

व्हिएतनामच्या युद्धात रुग्ण अखेर आत आला. १९६२ पासून तेथे वापरात आलेल्या ‘ह्युई’ हेलिकॉप्टरला खोलीएवढी पोकळी होती. तीत स्ट्रेचर मावत आणि त्यांच्याशेजारी एक लष्करी वैद्यक-सहायक बसे. हे फार मोठे पाऊल होते. पण एका सहायकाच्या वाट्याला चारसहा जखमी येत आणि हात मात्र दोनच. एकाला पिशवीने श्वास द्यायला बसावे तर दुसऱ्याचे रक्त कोणी थांबवायचे? ज्याने ही निवड आयुष्यात एकदा केली असेल, त्याला ती जन्मभर पुरली असेल.

खरा बदल शांततेच्या काळात आणि मोटारींच्या अपघातांमुळे झाला. पश्चिम जर्मनीतील रस्त्यांवर साठीच्या दशकात अपघाती मृत्यूंचा आकडा एवढा वाढला, की मोटार-मालकांच्या संघटनेने त्यात लक्ष घातले. १ नोव्हेंबर १९७० रोजी म्युनिकच्या हारलाखिंग रुग्णालयातून ‘क्रिस्टोफ १’ हे हेलिकॉप्टर कामास लागले आणि त्यात डॉक्टर बसविला गेला. अमेरिकेत मेरीलँडच्या पोलिसांनी त्याच वर्षी मार्चमध्ये अशी सेवा सुरू केली होती. १९७२ मध्ये डेन्व्हर येथील एका रुग्णालयाने स्वतःचे हेलिकॉप्टर ठेवले. जर्मनीत डॉक्टर, अमेरिकेत परिचारिका किंवा प्रशिक्षित सहायक, असा फरक राहिला. खुर्ची मात्र दोन्हीकडे कायमची झाली. म्युनिकचे बीओ-१०५ हे हेलिकॉप्टर अरुंद होते. रुग्णाला मागच्या दाराने आत सरकवत. त्याचे डोके आणि छाती डॉक्टरच्या हाताशी येत, पाय मात्र मागच्या पोकळीत जात. आम्हांला या रचनेत मोठा अर्थ दिसतो. जागा दोघांना पुरत नसेल तर रुग्णाच्या पायांनी गैरसोय सोसावी, श्वासाने सोसू नये, असा निर्णय त्यात आपोआपच झालेला आहे.

आता वादाला तोंड फुटले. श्वासनलिकेत नळी घालायची तर ती उड्डाणापूर्वी घालावी, कारण आकाशात गुडघे टेकायलाही जागा नाही, अंग हलते आहे आणि उजेड पुरेसा नाही. पण जमिनीवर नळी घालण्यात दहावीस मिनिटे जातात. मग वेगवान वाहन आणून उपयोग काय, असे एक पक्ष म्हणे. आणि श्वासाची वाट मोकळी न करता उचललेला रुग्ण म्हणजे उचललेले प्रेत, असे दुसरा म्हणे. या वादात दोन्ही बाजूंनी अतिरेक झाला. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथून जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याने दुसऱ्या पक्षाला जमिनीवर आणले. डोक्याला मार लागलेल्या ज्या रुग्णांना घटनास्थळीच सहायकांनी औषध देऊन नळी घातली, त्यांच्यात मृत्यू अधिक झाले होते. कारणे शोधताना आढळले, की नळी घालताना रक्तातला प्राणवायू पडत होता, आणि नळी बसल्यावर पिशवी फार भराभर दाबली जात होती.

हे दुसरे कारण मोठे मानवी आहे. मिनिटाला दहाबारा श्वास पुरतात. परंतु भोवती आरडाओरडा, डोक्यावर पंख्याचा घरघराट, समोर रक्ताळलेला तरुण. अशा वेळी दाबणाऱ्याचा हात स्वतःच्या छातीच्या धडधडीशी ताल धरतो आणि मिनिटाला वीस, पंचवीस, तीस श्वास देऊन बसतो. त्याला वाटते आपण अधिक देत आहोत. पण त्यामुळे रक्तातला कर्बवायू नको इतका उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सुजलेल्या मेंदूला मिळणारे रक्त आणखी घटते. इब्सेन यांच्या रुग्णांत कर्बवायू साचत होता. इथे तो धुऊन निघत होता. श्वास देणे म्हणजे नुसती हवा ढकलणे नाही, ही गोष्ट पन्नास वर्षांनी दुसऱ्या टोकाकडून पुन्हा शिकावी लागली.

यावर तोड म्हणून दोन साधने आली. एक, ठरल्या मापाने व ठरल्या गतीने श्वास देणारे छोटे यंत्र. जर्मनीतील ड्रेगर कंपनीचे ‘ऑक्सिलॉग’ १९७६ मध्ये आले. ते वीज मागत नसे, सिलिंडरमधल्या वायूच्या दाबावरच चाले. या सोयीची किंमत मात्र त्याच सिलिंडरमधून वसूल होई. साधा हिशेब करून पाहा: दोन लिटर पाणी मावेल एवढ्या सिलिंडरात हवेच्या दोनशेपट दाबाने प्राणवायू भरला तर तो सुमारे चारशे लिटर होतो. मिनिटाला दहा लिटर खर्च धरला, की चाळीस मिनिटांत सिलिंडर रिकामे. उड्डाण वीस मिनिटांचे असले तरी धुक्यासाठी वळसा पडला, उतरण्याची जागा बदलली, रुग्णालयाच्या छतावरून खाली नेणारा पाळणा अडला, तर? म्हणून जाणते पथक लागेल त्याच्या दुप्पट प्राणवायू घेते, आणि यंत्र शेजारी असूनही हाताने दाबायची पिशवी कधी घरी ठेवीत नाही.

दुसरे साधन डोळ्यांचे. डॉक्टर पिढ्यानपिढ्या कानाने श्वास तपासत आले. हेलिकॉप्टरात स्टेथोस्कोप गळ्यातला दागिना ठरतो. छातीला लावला तरी इंजिनाशिवाय काही ऐकू येत नाही. नळी श्वासनलिकेत आहे की चुकून अन्ननलिकेत गेली, हेदेखील कानाने कळत नाही. तेव्हा ऐकण्याची गोष्ट पाहण्याजोगी करावी लागली. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कर्बवायू अवरक्त किरणांनी मोजून त्याची लाट पडद्यावर दाखविणारे यंत्र आले. लाट उठते आहे तोवर श्वास चालू आहे; सपाट झाली की नळी तपासा. दुसरे, बोटाला लावायचा चिमटा, जो रक्तातल्या प्राणवायूचा शेकडा आकडा सांगतो. कोरोनाच्या साथीत हा चिमटा आपल्या घराघरांत पोहोचला. त्याचे आजचे रूप जपानच्या ताकुओ आओयागी यांच्या १९७४ च्या कल्पनेतून आले. पण त्याचा पूर्वज ग्लेन मिलिकन यांनी १९४० च्या दशकात लढाऊ वैमानिकांच्या कानाला लावण्यासाठी बनविला होता. विमानासाठी जन्मलेली वस्तू रुग्णालयात वाढली आणि पुन्हा विमानात परत आली.

येथवर आम्ही युरोप-अमेरिकेची कथा सांगितली. हिमालयात गेले, की तिची काही पाने उलटी वाचावी लागतात. रॉबर्ट बॉइल यांचा १६६२ चा नियम शाळेत आपण पाठ केला: दाब कमी झाला की वायू पसरतो. श्वासनलिकेतल्या नळीभोवती हवा भरलेला एक छोटा फुगा असतो. नळी घट्ट बसावी आणि पोटातले पाणी फुप्फुसात उतरू नये म्हणून. सपाटीवर भरलेला हा फुगा वर जाताना फुगतो आणि नलिकेच्या नाजूक अस्तराला दाबतो, म्हणून परदेशी पुस्तके वर जाताना जपा असे बजावतात. पण हिमालयात रुग्ण उंचावर सापडतो आणि खाली आणला जातो. सहा हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहूनही कमी असतो. तेथे भरलेला फुगा खाली येता येता आकसतो, नळीभोवती फट पडते आणि यंत्राने दिलेला श्वास फुप्फुसात न जाता तोंडावाटे निसटतो. पथकाने उतरताना तो पुन्हा तपासला नाही, तर प्राणवायू विपुल असलेल्या हवेत पोहोचूनही रुग्ण गुदमरेल.

आणखी एक गोष्ट हिमालयच शिकवितो. विरळ हवा माणसाच्या फुप्फुसाला जशी पुरत नाही, तशी हेलिकॉप्टरच्या पात्यांनाही पुरत नाही. सियाचीनवर १९८४ पासून ज्याचा मोठा आधार राहिला, त्या ‘चीता’ हेलिकॉप्टरच्या मूळ फ्रेंच ‘लामा’ने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंचीचा विक्रम केला होता, तरी सर्वांत उंच चौक्यांवर उतरताना त्याच्यात फार थोडे वजन नेता येते. वजन कमी करायचे म्हणजे प्रथम काढायची ती रुग्णाशेजारची खुर्ची. १३ मे १९९६ रोजी नेपाळी सैन्याचे मदन खत्री छेत्री यांनी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपाताच्या वरून मकालू गाऊ व बेक वेदर्स या दोघा गिर्यारोहकांना उतरविले, तेव्हा एका खेपेस एकच नेता आला. बावन्न वर्षांपूर्वी हारमन यांना जे करावे लागले, तेच. जेथे श्वासाला मदतनीस सर्वांत अधिक हवा, नेमके तेथेच हेलिकॉप्टर त्याला नेऊ शकत नाही.

म्हणून अशा ठिकाणी वेग हाच उपचार ठरतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आमच्या प्रतिपादनाला एवढी मुरड घालणे प्रामाणिकपणाचे होईल. अति उंचीवर फुप्फुसात पाणी भरण्याचा जो आजार होतो, त्याचे स्वरूप १९६० मध्ये अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन यांनी स्पष्ट केले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर आपल्या सैन्याला एकाएकी उंच डोंगरांवर जावे लागले, तेव्हा तो शेकडो जवानांना झाला आणि इंदर सिंग प्रभृती भारतीय लष्करी डॉक्टरांनी त्याचा जो अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला, तो जगभर प्रमाण मानला गेला. या आजाराचे पहिले औषध प्राणवायू आणि तितकेच मोठे औषध खाली उतरणे. येथे हेलिकॉप्टर नुसते वाहन राहत नाही. प्रत्येक हजार फुटांच्या उतरणीबरोबर ते रुग्णाला दाट हवा पाजीत असते.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनवरील सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळली. सुमारे १९,६०० फुटांवरच्या त्या ढिगाऱ्यातून लान्सनायक हनमंतप्पा कोप्पद यांना सहाव्या दिवशी जिवंत बाहेर काढण्यात आले. जागेवर पोहोचलेल्या डॉक्टरांनी त्यांना ऊब व प्राणवायू दिला, हेलिकॉप्टरने खाली आणले आणि तेथून अतिदक्षता-तज्ज्ञासह विमानाने दिल्लीस नेले. दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवले होते. ११ फेब्रुवारीस त्यांचे देहावसान झाले. या घटनेत आम्हांला जे विशेष वाटते, ते असे: कोरियात उघडा राहिलेला सांधा येथे जुळलेला होता. बर्फापासून खाटेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरच्या हाती रुग्ण सोपवीत होता. शरीरानेच साथ सोडली.

सामान्य नागरिकांसाठी ही व्यवस्था आपल्याकडे उशिरा आली. ऋषिकेश येथील एम्स रुग्णालयातून २९ ऑक्टोबर २०२४ पासून हेलिकॉप्टर-रुग्णसेवा सुरू झाली आणि तिला ‘संजीवनी’ असे नाव देण्यात आले. द्रोणागिरीचा मोह आम्ही आवरला. नाव ठेवणाऱ्यांना आवरला नाही, आणि त्यांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२५ रोजी, श्वासाचा त्रास होऊ लागलेल्या एका यात्रेकरू बाईंना आणण्यासाठी हे हेलिकॉप्टर साडेतीन हजार मीटरांवरील केदारनाथला गेले. उतरताना त्याची शेपटी मोडली. आत वैमानिक आणि वैद्यकीय पथक मिळून तिघे होते; तिघेही सुखरूप बाहेर आले.